वाचकांचे प्रश्न : घड्याळ हातात घालून घ्यावे की घरपोच मागवावे?

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे असून घाटंजी तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे. यंदा कापसाचे चुकारे वेळेवर मिळाल्यामुळे एक चांगले घड्याळ घ्यावे असे मनात आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो की मोबाइलवरून मागवू, यवतमाळच्या दुकानापेक्षा सात-आठशे रुपयांनी स्वस्त पडेल. वस्तू हातात घालून पाहिल्याशिवाय पैसे मोजणे मला मात्र पटत नाही. माझे मनगट बारीक आहे आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. अंदाजे पाच हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कोणाचे ऐकावे? (एक शेतकरी, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : या खेपेस आपले स्वतःचेच ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे आपल्याच पत्रात आहेत: बारीक मनगट आणि जवळचा चष्मा. घड्याळ हातावर किती मोठे दिसेल आणि त्यातली वेळ आपल्याला किती सहज वाचता येईल, नेमक्या याच दोन गोष्टी मोबाइलवरचे चित्र सांगू शकत नाही.

आधी आकाराचे पाहू. विक्रेत्याच्या वर्णनात घड्याळाच्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असतो आणि त्यात बाजूची चावी धरलेली नसते. पुरुषांच्या घड्याळांत हा व्यास हल्ली बहुधा ३८ ते ४४ मि.मी. असतो, आणि गिऱ्हाईक तेवढाच आकडा पाहून निर्णय घेते. परंतु घड्याळ मनगटावर नीट बसेल की नाही हे ठरते ते दुसऱ्याच मापावर, म्हणजे पट्टा ज्यांत अडकवलेला असतो त्या कानांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. व्यास ४० मि.मी. असलेल्या दोन घड्याळांपैकी एकाची ही लांबी ४६ आणि दुसऱ्याची ५० असू शकते, कारण काहींचे कान खाली वळलेले असतात आणि काहींचे सरळ बाहेर आलेले. कानांची टोके मनगटाच्या कडेबाहेर गेली की पट्टा मनगटाला न लपेटता तिथून सरळ खाली लोंबतो, मधे फट राहते, आणि घड्याळ दिवसभर हातावर गोल फिरत राहते. बारीक मनगटाच्या माणसाला हा त्रास हटकून होतो आणि तो पट्टा आवळून जात नाही.

निघण्यापूर्वी घरीच एक मोजमाप करून ठेवावे. जिथे घड्याळ बांधतो तिथे मनगटावर आडवी फूटपट्टी ठेवून वरचा सपाट भाग किती मिलिमीटर भरतो ते पाहावे. समजा तो ४८ भरला, तर कानांसह ४६-४७ मि.मी.च्या पुढचे घड्याळ पाहण्यात वेळ घालवू नये. मुलाने सुचवलेल्या घड्याळाची ही लांबी वर्णनात दिलेली असेल, तर वहीच्या जाड पुठ्ठ्यातून त्या मापाचा तुकडा कापून मनगटावर ठेवून पाहता येतो. मोबाइलच्या पडद्यावर भव्य दिसणारे घड्याळ किती लहान किंवा किती अवाढव्य आहे, हे त्या तुकड्यावरून लगेच लक्षात येते. तरीही जाडी, वजन आणि कानांचा वळसा पुठ्ठ्याला येत नाही, म्हणून दुकान गाठणे भाग आहे.

आता वाचण्याचे. जाहिरातीतल्या घड्याळात बहुधा दहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात, काटे दोन्हीकडे उघडलेले आणि कंपनीचे नाव मधे मोकळे. ही चित्रे पुष्कळदा संगणकावर घडवलेली असल्यामुळे त्यांत काचेवरची चकाकी नसते आणि काट्यांचा रंग तबकडीपासून ठळक वेगळा दिसतो. प्रत्यक्षात चंदेरी तबकडीवरचे चंदेरी काटे भर उन्हात अक्षरशः नाहीसे होतात. वावरात, बांधावर किंवा बाजार समितीच्या आवारात उन्हात उभे राहूनच आपल्याला वेळ पाहायची आहे. त्यामुळे दुकानात घड्याळ हातात घातल्यावर काउंटरवरच्या पांढऱ्या दिव्याखाली न थांबता, दुकानदाराला सांगून दाराशी उजेडात यावे, चष्मा काढावा, हात नेहमीच्या अंतरावर धरावा आणि वेळ वाचून पाहावी. पांढऱ्या तबकडीवर काळे काटे किंवा काळ्या तबकडीवर पांढरे काटे आणि मोठे आकडे असलेले घड्याळ आपल्या वयाला सोयीचे पडेल. ठिपक्यांऐवजी आकडे असलेले मॉडेल मागण्यात संकोच करू नये. फॅशनच्या नावाखाली तबकडीवरून आकडे हद्दपार झाले आहेत ही माझी जुनी तक्रार आहे, ती इथे लांबवत नाही.

यानंतर मोटारसायकलची मूठ धरल्यासारखे मनगट मागे वाकवावे. चावी मोठी असली आणि घड्याळ हाताच्या पंजाकडे सरकून बसत असेल, तर ती तळहाताच्या मागच्या बाजूला रुतते. गावाकडच्या माणसाचा हात रोज किती वेळ मुठीवर असतो हे लक्षात घेता ही चाचणी सोडू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा घालत असाल तर तो घालूनच जावे, कारण १२-१३ मि.मी. जाडीचे घड्याळ बाहीच्या बटणाखाली जात नाही आणि समोरून काढलेल्या चित्रात जाडी दिसतच नाही. वजनाचाही अंदाज घ्यावा. रबरी पट्ट्याचे साधे डिजिटल घड्याळ २०-२५ ग्रॅमचे असू शकते, तर स्टीलच्या साखळीसह ऑटोमॅटिक घड्याळ १३० ते १५० ग्रॅमपर्यंत जाते. ज्याने वर्षानुवर्षे हलके घड्याळ वापरले आहे त्याला हा भार पहिल्या दिवशी रुबाबदार वाटतो आणि आठवडाभरात ते घड्याळ खुंटीवर लटकते.

पट्ट्याबाबत आपल्याकडच्या हवेचा विचार आधी करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या दिवसांत मनगट किंचित सुजते आणि घाम तर अखंड असतो. चामड्याचा पट्टा घामाने कडक होतो, वास मारू लागतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आतून सोलवटतो. स्टीलची साखळी घेतल्यास खालच्या कडीत पिन सरकवण्यासाठी दोन-तीन छिद्रे आहेत का ते पाहावे, म्हणजे उन्हाळ्यात थोडी सैल आणि हिवाळ्यात थोडी घट्ट करता येते. दुकानदार साखळीचे जादा दुवे त्याच वेळी काढून देतो. घरपोच आलेल्या घड्याळाचे दुवे काढायला मात्र तालुक्याच्या घड्याळजीकडे जावेच लागते, आणि साधन नसताना घरी टाचणी-हातोडी घेऊन बसणारे लोक साखळीवर कायमचे ओरखडे पाडून घेतात.

ऑटोमॅटिक घड्याळाचा मोह आपल्याला होऊ शकतो, कारण पाच हजारांच्या आसपास एखादे मिळते. ते हाताच्या हालचालीवर चालते आणि काढून ठेवल्यास साधारण दीड-दोन दिवसांत थांबते. आपण रोज घालणार नसाल, केवळ बाजाराच्या दिवशी आणि लग्नकार्याला घालणार असाल, तर दर वेळी वेळ लावण्याचा कंटाळा येईल. शिवाय त्यात दिवसाकाठी काही सेकंदांचा, कधी अर्ध्या मिनिटाचाही फरक पडणे सामान्य धरले जाते. सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही आणि सेल दोन-तीन वर्षे टिकतो. आपल्याला तेच घ्यावे असा माझा सल्ला आहे.

मुलाचा मोबाइल तरीही वाया जायचा नाही. काच कोणत्या प्रकारची, जाडी किती, पाण्याला किती टिकते, वॉरंटी किती, ही माहिती चांगल्या विक्रेत्याच्या पानावर बहुधा असते आणि लहान गावच्या दुकानदाराला ती पुष्कळदा तोंडपाठ नसते. मुलाने दोन-तीन मॉडेलांचे क्रमांक आणि किमती कागदावर उतरवून आपल्याला कळवाव्यात आणि आपण त्या क्रमांकांसह यवतमाळला जावे. आपल्या वयाला एसटीत अर्धे तिकीट असल्याने फेरीचा खर्चही फार नाही. दुकानदाराला ऑनलाइन किंमत मोकळेपणाने सांगावी. छापील किमतीवर थोडीफार सूट दुकानातही मिळते, मात्र ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्याने निम्मा फरक जरी कमी केला तरी उरलेले तीन-चारशे रुपये देऊन तिथेच घ्यावे, कारण दुवे काढणे, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घालणे, पुढे सेल बदलणे ही कामे त्याच्याकडेच असणार आहेत. अर्धा तास त्याच्याकडची घड्याळे घालून पाहायची आणि दाराबाहेर पडताच मोबाइलवरून मागवायचे, हे मला सभ्यपणाचे वाटत नाही. तो अजिबातच उतरला नाही आणि आपण त्याला तसे सांगून निघालात, तर त्यात काही वावगे नाही.

एकदा आपल्या मनगटाला कोणती लांबी, कोणती जाडी आणि कोणती तबकडी मानवते हे कळले की ते आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढचे घड्याळ मुलाने पुण्यातून खुशाल मागवावे.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. चित्र पाहून एक घड्याळ मागवले, ते हाती आले तेव्हा मुलीच्या खेळण्याएवढे निघाले. शिवाय बांगड्यांमुळे काचेवर ओरखडे पडतात. पुढच्या वेळी काय पाहावे? (एक वाचक, दर्यापूर तालुका)

उत्तर : दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मि.मी. असतो. महिलांच्या पुष्कळ घड्याळांचा व्यास २४ ते ३० मि.मी. असल्याने वर्णनातला आकडा वाचून हे नाणे मनगटावर ठेवले की अंदाज चुकत नाही. लहान मुलांची नोंदवही भरताना झटकन वेळ दिसावी अशी आपली गरज असेल, तर ३० ते ३४ मि.मी.चे घड्याळ पाहावे. आता ते महिलांच्या विभागातही मिळते.

बांगड्यांचा प्रश्न दुकानात बांगड्यांसहच सोडवावा. घड्याळ कोपराच्या बाजूला आणि बांगड्या पंजाच्या बाजूला, की उलट, हे दोन्ही प्रकारे घालून हात खाली-वर करून पाहावे. घड्याळाची काच कडेपेक्षा उंच उठलेली असेल तर बांगडी आधी काचेवरच आपटते, म्हणून काच कडेच्या किंचित खाली बसलेली निवडावी. काचेचे मुख्य प्रकार तीन: प्लास्टिकची, मिनरल आणि सफायर. प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे लवकर पडतात, पण घासून पुसटही करता येतात. मिनरलवर ते उशिरा पडतात आणि मग जात नाहीत. सफायर काचेला बांगडी सहसा ओरखडू शकत नाही, मात्र कमी किमतीत ती मिळणे कठीण आहे. दुसऱ्या हातात घड्याळ घालणे हा फुकटचा उपायही आहेच.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या घड्याळाच्या काचेच्या आत दुसऱ्याच दिवशी वाफ धरली. परत घ्या म्हटले तर विक्रेता म्हणतो की तुमच्या पिनकोडवर परतीची सोय नाही. वर्णनात ३० मीटर असे लिहिले होते आणि मी विहिरीवर पोहताना घड्याळ काढले नव्हते. काही करता येईल काय? (एक तरुण वाचक, मूल तालुका)

उत्तर : पोहण्याची गोष्ट आपण प्रामाणिकपणे लिहिली हे बरे केले, कारण सगळे तिथेच अडते. ३० मीटर याचा अर्थ तीस मीटर खोल जाता येईल असा नाही. प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली केलेल्या चाचणीचा तो आकडा आहे, आणि व्यवहारात तो हात धुणे किंवा पावसाचे शिंतोडे एवढ्यापुरताच धरावा. विहिरीत उडी मारणे तर दूरच, नुसत्या पोहण्यासाठीही १०० मीटरचे घड्याळ घ्यावे. त्यामुळे आपल्या घड्याळात पोहल्यामुळे पाणी शिरले असेल तर विक्रेत्याकडे बोट दाखवणे अवघड आहे. वाफ पाण्यात जाण्यापूर्वीच धरली असेल, तर मात्र पुढील माहिती आपल्या कामाची आहे.

ई-कॉमर्ससंबंधीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला त्या नियमांनुसार नकार देता येत नाही. परतीची गाडी आपल्या गावात येत नाही ही त्याची व्यवस्थेची अडचण आहे, तेवढ्याने आपला हक्क बुडत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असेही या नियमांत आहे. म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा तक्रार लेखी करावी, बिल आणि फोटो जोडावेत आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.

त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने यात एक मोठी सोय केली: विक्रेता दिल्लीचा असो की बेंगळुरूचा, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आपल्या बाबतीत ते चंद्रपूर होय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे. दोन हजारांच्या घड्याळासाठी चंद्रपूरच्या खेपा घालणे परवडेल का, हा हिशेब आपला आपण करावा. माझ्या मते बहुतेक प्रकरणे लेखी तक्रार आणि १९१५ इथपर्यंतच न्यावीत.

पुढच्या वेळी मागवण्यापूर्वी आपला पिनकोड टाकून, नुसती वस्तू पोहोचते का एवढेच नव्हे, तर परतही नेली जाते का हे पाहावे. पाकीट उघडताना वरचा पत्ता दिसेल असे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. वॉरंटी कंपनीची आहे की विक्रेत्याची, हे वर्णनात शोधावे. बहुतेक कंपन्या सेल, काच आणि पट्टा वॉरंटीत धरत नाहीत, तेही आधीच माहीत असलेले बरे.

प्रश्न : वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ हरवले. तसेच घड्याळ त्यांना पंचाहत्तरीला द्यायचे आहे. ऑनलाइन दीड-दोन हजारांत लाल, निळ्या, हिरव्या तबकड्यांची ‘अगदी नवी’ जनता घड्याळे दिसतात. घ्यावीत काय? (एक वाचक, मेहकर)

उत्तर : चित्र पाहून घेऊ नयेत. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि जनता हे तिचे चावीचे घड्याळ घराघरांत पोहोचले. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारने या घड्याळ कंपनीचे काम बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे आज जे जुने जनता घड्याळ ‘नवे’ म्हणून विकले जाते ते पुष्कळदा तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी पुन्हा रंगवून तयार केलेले असते. चालत नाही असे नव्हे, पण वडिलांच्या हातावर जे होते ते हे नव्हे, आणि ज्याने तीस वर्षे ते घड्याळ वापरले त्याला हे पाहताक्षणी कळते.

जुन्या घड्याळात तर हात लावून पाहण्याला पर्यायच नाही. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली पाहावीत. कारखान्यातली छपाई बारीक आणि कडेला तुटक नसलेली असते, पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाड, फुगीर आणि ओळ वाकडी येते. चावी द्यावी, ती एकसारखी फिरली पाहिजे आणि शेवटी थांबली पाहिजे, मधेच सटकता कामा नये. काटे पुढे नेताना मिनिटकाटा सैल हलतो का ते पाहावे. कानाशी धरल्यावर टिकटिक एका लयीत ऐकू आली पाहिजे. त्यानंतर मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि आत गंज किंवा स्क्रूंच्या खाचा चिरडलेल्या दिसल्या तर नम्रपणे परत द्यावे.

मेहकर, चिखली किंवा बुलढाण्याच्या जुन्या घड्याळजींकडे विचारणा केल्यास एखादे अस्सल घड्याळ निघू शकते, कारण दुरुस्तीला टाकून परत न नेलेली घड्याळे त्यांच्या खणात वर्षानुवर्षे पडून असतात. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेली तबकडीही कंपनीने काढली होती, तीही विचारून पाहावी, मात्र तिच्या नकला सर्वांत जास्त आहेत. जनताचा व्यास साधारण ३५ मि.मी. असतो, म्हणजे आजच्या मानाने लहान. वडिलांना त्याचीच सवय असल्याने ते अडचणीचे ठरणार नाही. ऑनलाइनच घ्यायची वेळ आली, तर विक्रेत्याकडून झाकण उघडलेल्या अवस्थेतला, त्याच घड्याळाचा फोटो मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करील त्याच्याशी पुढचे बोलणे करू नये.